'रन'चा अर्थ वाक्यातून कसा ओळखावा

'रन' हा इंग्रजी शब्द क्रिकेटमुळे आपल्या तोंडात लहानपणीच बसतो. शाळेत त्याचा अर्थ 'धावणे' असा पाठ होतो आणि 'हिज नोज इज रनिंग' समोर आलं की घोडं अडतं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने तिला मागे टाकलं. कोशकार पीटर गिलिव्हर या एका शब्दावर नऊ महिने बसले होते, आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. तेव्हा पाठांतराच्या भानगडीत पडू नका.

पायरी १ : कर्ता बघा. माणूस किंवा जनावर असेल तर बहुधा धावणं. नाक, नळ, नदी असेल तर वाहणं. रस्ता किंवा कुंपण असेल तर 'जाणे': 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर', म्हणजे रस्ता नदीच्या कडेने जातो. धुताना कपड्याचा रंग 'रन' झाला, तर तो सुटून शेजारच्या पांढऱ्या सदऱ्याला लागला.

पायरी २ : 'चालणे' लावून बघा. मला विचाराल तर सगळ्यांत उपयोगी पायरी हीच. बस चालते, यंत्र चालतं, नाटक दोन वर्षं चालतं, भाडेकरार मार्चपर्यंत चालतो; इंग्रजीत या सगळ्यांना 'रन'. पुढे कर्म आलं की 'चालवणे' करा: 'शी रन्स अ स्कूल', ती शाळा चालवते. (आपल्या 'चालणे'लाही पाय लागतातच असं नाही, त्यामुळे इंग्रजीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.) काही जोड्या मात्र यात बसत नाहीत. 'रन अ बाथ' म्हणजे आंघोळीसाठी टबात पाणी सोडणं, 'रन अ टेम्परेचर' म्हणजे अंगात ताप असणं, आणि 'रन अ रेड लाइट' म्हणजे सिग्नल तोडणं.

पायरी ३ : मागून येणारा छोटा शब्द सोडू नका. फलंदाज 'रन आउट' झाला तर बाद, पण 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे घरातलं दूध संपलं. 'रन इंटू'पुढे जुनी मैत्रीण असेल तर अचानक भेट झाली, विजेचा खांब असेल तर धडक बसली. बैठक 'रन ओव्हर' झाली तर ती लांबली. कुत्रा झाला तर बिचारा गाडीखाली आला.

पायरी ४ : आधी 'अ' किंवा 'द' असेल तर ते नाम असू शकतं. चेंडू सीमेपार गेला की न धावताही चार रन मिळतात, म्हणजे इथेही 'धाव' शब्दशः घेता येत नाही. 'रन ऑन द बँक' म्हणजे घाबरलेल्या ठेवीदारांची पैसे काढायला उडालेली झुंबड. सप्टेंबर २००७मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर अशाच रांगा लागल्या होत्या. 'चिकन रन' ही कोंबड्यांसाठी जाळी लावलेली मोकळी जागा.

देशही बघावा लागतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड'.

एवढ्यावर अडलंच तर कोश उघडा, पण पहिला अर्थ उचलू नका. नाम की क्रियापद ते ठरवून फक्त तो भाग काढा, आणि व्याख्येआधी उदाहरणवाक्यं वाचा. 'रन आउट', 'रन इंटू' अशा जोड्या बहुतेक कोशांत नोंदीच्या शेवटी वेगळ्या दिलेल्या असतात.