ब्रुअर्सचा गणवेश नव्याने बेतण्याआधी

हंगाम संपल्यापासून मार्चअखेरपर्यंत अमेरिकेतल्या मिलवॉकीत बेसबॉल नाही. बाहेर बर्फ आणि चार-साडेचारलाच पडणारा अंधार. आपल्या संघाचा गणवेश आपल्या मनाने नव्याने बेतायचा छंद ज्यांना आहे, त्यांचं काम या दिवसांतच होतं. मला हा छंद इथे राहायला आल्यावर लागला. यंदा ओळखीतल्या दोघांनी विचारलं की सुरुवात कुठून करायची, काय काय जमवायचं. त्यांना सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. उदाहरण ब्रुअर्सचंच घेतो, म्हणजे मेजर लीगमधल्या मिलवॉकीच्या संघाचं, कारण तोच संघ मला आतून माहीत आहे. तुमचा संघ दुसरा असला तरी क्रम हाच ठेवा.

आधी एक कोरा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा ‘ठेवायचं’, उजवीकडे ‘बदलायचं’. डावी बाजू भरेपर्यंत उजवीकडे पेन न्यायचं नाही, आणि संगणक तर उघडायचाच नाही. नवीन माणसाला आधी बदलायची घाई असते. तो काळा रंग आणतो, नवं चिन्ह काढतो, बाहीवर वीज चमकवतो. चित्र देखणं होतं, पण ते कुठल्याही शहराच्या कुठल्याही संघाला चाललं असतं. डावी बाजू भरायची तर संघ आज जे घालतो ते का घालतो, हे शोधावं लागतं.

ब्रुअर्सचा निळा-पिवळा घ्या. तो कुणी बसून निवडलेला नाही. १९६९ साली सिअ‍ॅटलमध्ये पायलट्स नावाचा संघ सुरू झाला आणि एका हंगामात दिवाळखोरीत गेला. पुढचा हंगाम आठवड्याभरावर आलेला असताना तो मिलवॉकीचे व्यावसायिक बड सीलिग यांच्या गटाच्या हाती आला आणि मिलवॉकीत दाखल झाला. नवे गणवेश शिवायला वेळच नव्हता. तेव्हा पायलट्सच्या जर्सीवरची अक्षरं उसवली, त्या जागी ब्रुअर्स शिवलं, आणि ७ एप्रिल १९७० ला संघ मैदानात उतरला. उसवलेल्या अक्षरांच्या खुणा कापडावर दिसत होत्या. सीलिग यांच्या मनात गडद निळा आणि लाल होता, याच शहरात पूर्वी मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीच्या लीगमध्ये, खेळणाऱ्या जुन्या ब्रुअर्ससारखा. पण सिअ‍ॅटलचा निळा-पिवळा अंगावर आला आणि शहराने तो आपला मानला. ही हकिकत कळल्यावर मी तो रंग डाव्या बाजूला लिहिला आणि पुन्हा कधी खोडला नाही.

त्याखाली लिहायचं ते ग्लोव्ह, म्हणजे चेंडू झेलायचा हातमोजा, आणि चेंडूचं चिन्ह. ते एकदा हाताने, पेन्सिलीने काढून बघा. वरच्या बोटांचा इंग्रजी एम होतो, अंगठा आणि जाळी मिळून बी होतो, आणि त्या बीच्या पोटात चेंडू बसतो. कित्येकांना वर्षानुवर्षं त्यात नुसता ग्लोव्ह दिसतो आणि एक दिवस अचानक अक्षरं दिसतात. हे चिन्ह एका विद्यार्थ्याने काढलेलं आहे. १९७७ साली संघाने चिन्हासाठी खुली स्पर्धा ठेवली होती. विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअरच्या विद्यापीठात कलेचा इतिहास शिकणाऱ्या टॉम माइंडेलला दोन हजार डॉलरचं बक्षीस मिळालं आणि १९७८ पासून ते चिन्ह टोपीवर आलं. १९९४ साली संघाने ते बाजूला ठेवलं, रंगही गडद निळा, हिरवा आणि सोनेरी केले. लोक मात्र जुनी टोपी घालतच राहिले. शेवटी २०२० च्या हंगामात संघाने तेच चिन्ह थोडं डागडुजी करून परत आणलं. घरी बसून गणवेश काढणाऱ्या माणसाने ही गोष्ट मनाशी जपून ठेवावी असं मला फार वाटतं. घरच्या टेबलावर काढलेलं चित्रही त्या टोपीपर्यंत पोचलेलं आहे.

मग संदर्भ गोळा करा. कूपर्सटाऊनच्या बेसबॉल संग्रहालयाने मार्क ओकॉनेन यांनी काढलेली विसाव्या शतकातल्या गणवेशांची चित्रं ऑनलाइन ठेवली आहेत, वर्षवार आणि संघवार. आपल्या संघाची सगळी वर्षं एका बैठकीत बघा. पण चित्रांवर थांबू नका, सामन्यातले फोटोही हवेत. चेंडू टाकणारा पिचर वाकलेला, धावपटू घसरत बेसवर आलेला, बॅटरमागचा कॅचर उकिडवा बसलेला. गणवेश उभ्या बाहुलीवर नसतो, हलणाऱ्या अंगावर असतो. शिकागोच्या व्हाइट सॉक्सनी १९७६ साली अर्ध्या चड्डीचा गणवेश काढला होता. उघड्या गुडघ्यांनी मातीत घसरायचं कसं, याचं उत्तर त्यात नव्हतं, आणि मोजक्या सामन्यांनंतर तो गेला. शक्य असेल तर एक खरी जर्सीही मिळवा, जुनी, वापरलेली चालेल. ती उलटी करून शिवणी बघा, बाही कुठे जोडली आहे ते बघा, बटणपट्टीची रुंदी मोजा. माझ्या हातातली साधारण तीन सेंटिमीटर निघाली, आणि त्या तीन सेंटिमीटरने माझे दोन महिने खाल्ले. ते पुढे सांगतो.

नियमांचं पान छापून जवळ ठेवा. एका संघातल्या सगळ्यांचा गणवेश रंगाने, काठाने, घडणीने एकसारखाच हवा. पाठीवरचा आकडा किमान सहा इंच. काचेची बटणं किंवा चकाकणारा धातू नको. आणि कापडावर चेंडूच्या आकाराचा भास होईल असा काही नमुना नको, कारण बॅटरला खरा चेंडू शोधायचा असतो. हा शेवटचा नियम वाचल्यावर माझी एक आवडती कल्पना गळून पडली. छातीभर टाक्यांच्या लाल शिवणी काढल्या होत्या. पण नियम योग्य आहे, तेव्हा ती काढून टाकली.

आता अक्षरं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बेसबॉलची जर्सी पुढून उघडते, म्हणून छातीवरचं नाव मधोमध चिरलं जातं. तुमच्या संघाच्या नावातलं मधलं अक्षर कोणतं येतं ते मोजा. ब्रुअर्स इंग्रजीत सात अक्षरी, मधलं डब्ल्यू. बाहेरगावच्या जर्सीवरचं मिलवॉकी नऊ अक्षरी, मधलं ए. दोन्ही अक्षरं उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखी, त्यामुळे पट्टीवर बसतात तेव्हा अर्धं-अर्धं होऊनही डोळा ते सांधून घेतो. हे नशीब प्रत्येक संघाचं नसतं. मधलं अक्षर एस किंवा आर आलं तर ते पट्टीच्या एका बाजूला पूर्ण सरकवावं लागतं आणि मग उरलेल्या अक्षरांमधलं अंतर पुन्हा लावावं लागतं. नुसतं मोजपट्टीने सारखं अंतर ठेवलं तर जमत नाही. बी आणि आर अंगाने भरलेली, त्यांच्यात जास्त अंतर लागतं. डब्ल्यूच्या दोन्ही बाजूंना खाली मोकळी जागा राहते, तिथे शेजारचा ई थोडा आत घ्यावा लागतो. हे डोळ्यानेच ठरतं. कागदावर अक्षरं कापा, जर्सीवर ठेवा, दहा पावलं मागे जा, परत या, सरकवा.

हे मी किती उशिरा शिकलो ते सांगतो. पहिली जर्सी मी एका शिवणाऱ्याकडून करून घेतली. चित्र पाठवलं, मापं पाठवली, पैसे दिले. जर्सी आली तेव्हा कापड छान होतं, रंग हवा तसाच होता, पण बटणं लावल्यावर डब्ल्यूचा उजवा अर्धा डाव्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर खाली. अक्षर जर्सी उघडी ठेवून शिवलं होतं, आणि बटणं लावल्यावर एक पट्टी दुसरीवर चढते याचा हिशोब कुणीच धरला नव्हता. चित्रात तर पट्टी ही नुसती एक रेघ होती, कारण मी ती तशीच काढली होती. तेव्हापासून मी जर्सीचं चित्र दोनदा काढतो, एक बटणं लावलेली आणि एक उघडी.

अक्षराच्या जाडीबद्दल वाद घालत बसू नका, मोठं ठेवा. २०२४ साली सगळ्या लीगला नवा गणवेश आला तेव्हा पाठीवरची नावं इतकी लहान झाली की खेळाडू आणि प्रेक्षक दोघांनीही तक्रार केली, आणि पुढच्या हंगामासाठी अक्षरं पुन्हा मोठी करावी लागली. वरच्या मजल्यावरच्या स्वस्त तिकिटाच्या खुर्चीतून नाव वाचता आलं पाहिजे. पाठीवर नाव हवंच असंही नाही. न्यूयॉर्कचे यांकीज आजही नुसत्या आकड्यावर खेळतात. त्यांचे पाठीवरचे आकडे १९२९ साली बॅटिंगच्या क्रमाने दिले गेले. बेब रूथ तिसरा यायचा म्हणून ३, लू गेरिग चौथा म्हणून ४.

नमुन्याच्या जर्सीवर कोणता आकडा काढायचा तेही आधी ठरवा. ४२ नको. मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या मानार्थ तो १९९७ पासून सगळ्या लीगने निवृत्त केला आहे, म्हणजे नव्या खेळाडूला दिला जात नाही. ब्रुअर्ससाठी ४, १९, ३४ आणि ४४ पण नकोत. मॉलिटर, याऊंट, फिंगर्स आणि हँक आरन या संघाच्या गाजलेल्या खेळाडूंचे ते आकडे. १ हा आकडा सीलिग यांच्या नावाने बाजूला ठेवलेला आहे. जाणकार माणूस तुमच्या चित्रात आधी हेच बघतो. मी ६८ किंवा ८३ घेतो, कारण ३, ६ आणि ८ लांबून एकमेकांत मिसळतात. ते तिन्ही सुटे वाचता आले तर बाकीच्या आकड्यांची काळजी नाही.

रंगाचं म्हणाल तर पडद्यावरच्या रंगावर विसंबू नका. बाजारातून कापडाचे तुकडे आणा. घरच्या मैदानावर पांढरा आणि बाहेरगावी राखाडी ही जुनी रीत. ब्रुअर्सचा घरचा गणवेश २०२० पासून क्रीम रंगाचा आहे आणि तो मला अतिशय आवडतो, जुन्या सुती कापडासारखा. पण क्रीमवर पिवळा उठत नाही. त्याला गडद निळ्याचा काठ द्यावाच लागतो, आणि काठ किती जाड द्यायचा हा खरा प्रश्न. तुकड्यावर तुकडा ठेवून आधी खिडकीशी बघा, मग ट्यूबलाइटखाली. इथल्या मैदानाला उघडझाप करणारं छप्पर आहे. दुपारच्या उन्हात आणि बंद छपराखालच्या दिव्यांत तोच क्रीम वेगळा दिसतो, म्हणून दोन्हीकडे पटेल तोच धरा.

पूर्ण संच मोजून घ्या. घरचा, बाहेरगावचा, एखादा रंगीत, टोपी, हेल्मेट, पट्टा, मोजे. मोज्यांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण या खेळात कित्येक संघांची नावंच मोज्यांवरून आहेत, व्हाइट सॉक्स म्हणजे पांढरे मोजेच. गुडघ्यापर्यंत पँट ओढून घेणारा खेळाडू आला की सगळ्या चित्रात रंगाचा मोठा पट्टा तोच असतो. निदान एका आकृतीत मोजे उघडे दाखवा.

जुन्या वर्षांतून काही उचलताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. माणसांची व्यंगचित्रं परत आणू नका. क्लीव्हलँडच्या जर्सीवरचा लाल तोंडाचा वाहू, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशाचं व्यंगचित्र, २०१८ च्या हंगामानंतर गेला, २०२२ पासून संघाचं नाव गार्डियन्स झालं. ज्या लोकांचं ते चित्र होतं त्यांनी कित्येक वर्षं तो नको म्हणून सांगितलं होतं. ‘जुनी आठवण’ म्हणून ते पुन्हा काढणारे मी पाहिले आहेत. मी तसं चित्र काढत नाही आणि तुम्हीही काढू नये.

संगणक आता उघडा. चित्रं काढायचं इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. चित्र रेषांचं ठेवा, ठिपक्यांचं नको, म्हणजे मोठं केलं तरी फाटत नाही. कापड, काठ, अक्षरं आणि सावल्या वेगवेगळ्या थरांत ठेवा. रंगांचे आकडे एका फाइलीत लिहून ठेवा. संघाची चिन्हं ही त्यांची मालमत्ता आहे, म्हणून हौसेने काढलेलं हौसेपुरतंच ठेवा, त्यावर विक्री करू नका.

आणि आपल्यापैकी ज्यांना एक जर्सी देवनागरीत करायचा मोह होईल, त्यांच्यासाठी थोडं जास्त. मी गेली दोन वर्षं यावर काम करतोय. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, म्हणून पट्टीची चूक पोटात घालतात. शिरोरेषा घालत नाही. बटण दोन मिलिमीटर खालीवर झालं तर छातीवरची आडवी रेघ पायरीसारखी तुटते आणि आधी तेच दिसतं. शिवाय ‘ब्रुअर्स’ लिहिताना वर रफार आणि खाली उकार, म्हणजे इंग्रजी नावापेक्षा उंची बरीच जास्त लागते आणि आकड्यासाठी जागा उरत नाही. मला उत्तर सापडलं ते गावाकडच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांत. दुकानाच्या दोन फळ्यांवर नाव आलं की पेंटर शिरोरेषा फळीच्या सांध्याशी मुद्दाम तोडायचे आणि दोन्ही टोकं तिरकी कापायचे. मी पट्टीच्या दोन्ही बाजूंना तशीच तिरकी टोकं दिली, रफार पुढे झुकवून स च्या रेषेवर आणला आणि उकार आखूड केला. बाहेरगावच्या ‘मिलवॉकी’त ल आणि वॉ यांच्यामध्ये पट्टी बसवली, त्यासाठी उजवीकडची अक्षरं किंचित अरुंद केली.

शिवायला टाकताना चित्रासोबत चिठ्ठी जोडा. अक्षरं ट्विल या जाडसर कापडाच्या दोन थरांची, वरचा पिवळा, खालचा निळा, कडेने झिगझॅग टाका. जर्सीची सगळी बटणं लावायची, इस्त्री करायची, नाव खडूने पूर्ण आखायचं, आणि मगच अक्षरांचे तुकडे पाडायचे. आखलेल्या जर्सीचा फोटो मागवा. पट्टीवरची खडूची रेघ सलग दिसली तरच कात्री लावायला हो म्हणा.