निंबोळी अर्काने हिवतापाच्या डासांच्या अळ्या कशा रोखाव्यात

पावसाची झड उघडली की बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे वीटभट्टीसाठी माती काढलेल्या खड्ड्यांत, भातखाचरांच्या कडेला, अगदी म्हशीच्या खुराच्या ठशातही निवळ पाणी साचून राहतं. हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासाला गटारापेक्षा असंच पाणी मानवतं. बुजवता येईल तो खड्डा आधी बुजवाच. अर्क उरलेल्या डबक्यांसाठी.

डबक्यापाशी जाताना आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका, अळ्या लगेच तळाला जातात. पांढऱ्या मगात अलगद पाणी घ्या आणि अर्धा मिनिट थांबा. ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी काडीसारखी आडवी पडून राहते. गटारातल्या क्युलेक्स डासाची अळी डोकं खाली करून तिरकी लोंबकळते. स्वल्पविरामासारखे वाकडे दिसतात ते कोष, म्हणजे अळी आणि डास यांच्यामधली अवस्था. कोष काही खात नाही, त्याच्यावर निंबोळीचा फारसा परिणाम होत नाही. कोष जास्त दिसले तर अर्काच्या नादी न लागता पाणी उपसून कोरड्या जमिनीवर टाका.

निंबोळ्या जून-जुलैत वेचाव्यात. गोकाक-अथणीकडच्या कोरड्या पट्ट्यात कडुनिंब मुबलक आहे. पिवळ्या झालेल्या निंबोळ्यांचा गर धुऊन काढा आणि बिया सावलीत खडखडीत वाळवा. उन्हात वाळवल्या तर त्यातलं ॲझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य कमी होतं. ओलसर राहिल्या तर बुरशी येते. साठवण गोणपाटात करा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आठ-दहा महिन्यांपेक्षा जुन्या बिया वापरू नयेत.

अर्क ५ टक्क्यांचा करायचा. बियांची टरफलं काढून आतला ५०० ग्रॅम मगज खलबत्त्यात भरड कुटा, फडक्यात बांधून थोड्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पुरचुंडी पिळत राहा, पाणी दुधासारखं पांढरं होतं. गाळून एकूण १० लिटर होईल इतकं पाणी घाला. उकळू नका. पिकावर फवारताना साबण घालतात तो इथे नको: अर्क पानाला चिकटवायचा नाही, आणि साबणाने मेलेल्या अळ्या अर्काच्या खाती जमा होतात. तयार अर्क त्याच दिवशी संपवा.

पाण्याच्या दर चौरस मीटरला २०० मिली, म्हणजे १० ग्रॅम मगजाचा अर्क, संध्याकाळी सगळीकडे सारखा शिंपडा. आठवड्यातून दोनदा, जोराचा पाऊस होऊन डबकं वाहून गेलं तर पुन्हा.

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. दुसऱ्या दिवशी अळ्या वळवळताना दिसतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून काम सोडलं जातं. निंबोळी झटक्यात मारत नाही. अळीची कात टाकण्याची क्रिया ती बिघडवते, म्हणून अळी वाढत नाही आणि कोषापर्यंत पोहोचत नाही. खात्री करायची तर दोन बादल्यांत डबक्याचंच पाच-पाच लिटर पाणी आणि प्रत्येकीत वीस अळ्या घ्या. एकीत १० मिली अर्क घाला, दुसरी तशीच ठेवा, दोन्ही फडक्याने बांधा. सातव्या दिवशी कोष आणि डास मोजा. अर्काच्या बादलीतही तितकेच निघाले तर बिया जुन्या आहेत किंवा उन्हात वाळलेल्या आहेत.

पिण्याच्या पाण्यात, विहिरीत किंवा मासे असलेल्या तळ्यात अर्क घालू नका. निपाणी भागात तंबाखूचा काढा सुचवला जातो, तो तर नकोच: निकोटीन कातडीतूनही अंगात भिनतं, जनावरांनाही विषारी आहे. सीताफळाच्या बियांचीही भुकटी अळ्यांवर चालते, पण ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. घरी कुटू नका.

घरात कुणाला थंडी वाजून ताप आला तर अर्क पुरेल म्हणून थांबू नका. आशाताईंना सांगून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.