मनसर, रामटेक, नगरधन: गट घेऊन एका दिवसात

नागपूरहून एका दिवसात वाकाटकांची (विदर्भावर राज्य केलेलं प्राचीन राजघराणं) ही तिन्ही ठिकाणं आरामात होतात, फक्त क्रम चुकवू नका. बहुतेक सहली आधी थेट रामटेकच्या गडावर जातात. दर्शनाची रांग, फोटो, जेवण यात दुपार होते आणि मनसर गाडीच्या काचेतूनच उरकतं. मनसरला सावली जवळपास नाही, म्हणून ते पहिलं.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा टाळा, त्या गर्दीत गटाला धरून ठेवता येत नाही. माणसं पंधरा-सतरा, म्हणजे एक टेम्पो ट्रॅव्हलर पुरतो. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि पटकन काढता येतील अशा चपला घ्या. जाड मोजेही हवेत, कारण अकरानंतर देवळाचा दगड तळपायाला चटके देतो.

सकाळी साडेसहाला निघा. तर्री पोहे शहरातच खा, वाटेत हॉटेल शोधण्यात पाऊण तास जातो. कामठी-कन्हान मार्गे जबलपूर रोडने मनसर सुमारे 45 किलोमीटर.

मनसरला हिडिंबा टेकडीवर विटांच्या बांधकामाचे भव्य अवशेष आहेत. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. इथे सापडलेली प्रसिद्ध शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हे गाडीतच सांगून टाका, नाहीतर सगळे मूर्तीच शोधत बसतात. सव्वा तास पुरे. ग्रुप फोटो खालच्या मोकळ्या जागेवरून काढा. वर चढून काढला की विटांच्या कडा पायाखाली सुटतात, आणि माणूसही घसरतो.

तिथून रामटेक सहा-सात किलोमीटर. गडावर गाडीरस्ता आहे, गुडघेदुखीवाल्यांनी पायऱ्यांचा हट्ट करू नये. राममंदिराकडे जाण्याआधी डोंगराच्या दक्षिण बाजूची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही देवळं पाहा. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या बांधीव देवळांत ती मोडतात, तरी लोक त्यांच्यासमोरून सरळ पुढे जातात. केवल नरसिंहाच्या भिंतीवर ब्राह्मीतला झिजलेला शिलालेख आहे. समोरून टॉर्च मारला तर काहीच दिसत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका, मग अक्षरांच्या सावल्या उठतात. खडू, पाणी, कुंकू काही लावायचं नाही. आतली जागा लहान आहे, तेव्हा सात-आठ जणांच्या तुकड्या करा. बाकीच्यांनी तोवर त्रिविक्रमाची मूर्ती आणि वराह पाहावा.

इथे प्रभावतीगुप्ताची ओळख करून द्या: गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा गेल्यावर मुलं लहान असताना राज्य तिनेच चालवलं. तिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरीच्या स्वामींच्या, म्हणजे इथल्या देवाच्या, पायाशी दिलेला आहे, आणि रामगिरी म्हणजे हाच डोंगर. ही एवढी गोष्ट माहीत असली की उरलेला दिवस आपोआप जुळतो.

वानरांचा मात्र बंदोबस्त हवा. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती गेलीच समजा. खाऊ चेनच्या बॅगेत ठेवा, प्रसाद बाहेर येऊन उघडू नका. पिशवी ओढली तर सोडून द्या. ओढाताणीत वानर चावतं.

जेवण दीडच्या आत रामटेक गावात करा. सावजीचा मोह परतीच्या संध्याकाळसाठी राखून ठेवा. दुपारी जेवून नगरधनच्या तटावर चढणं म्हणजे शिक्षा.

नगरधन रामटेकच्या दक्षिणेला, सात-आठ किलोमीटर. साडेतीनला पोहोचा, उन्हं कलतात. वाकाटकांची प्रवरपूरच्या आधीची राजधानी नंदिवर्धन ती हीच मानतात; पण समोर दिसतो तो किल्ला बराच नंतरचा आहे, वाकाटकांची वस्ती गावाच्या परिसरात जमिनीखाली आहे. उत्खननात प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, तिच्यावर शंख आहे. मुलांना तटाच्या कडेला आणि विहिरीपाशी एकटं सोडू नका. पाच वाजता गाडीत बसा, कामठीची संध्याकाळची गर्दी टळते.