निसर्ग माहिती केंद्राला गावच्या जंगलराखणदाराचं नाव कसं द्यावं

पेंचच्या राष्ट्रीय उद्यानाला कागदोपत्री पंडित जवाहरलाल नेहरूंचं नाव आहे, पण रामटेकपासून सिल्लारीपर्यंत कोणालाही विचारा, सगळे पेंचच म्हणतात. ताडोबाचं मात्र उलट आहे. वाघाशी झुंजताना गेलेला गावप्रमुख तारू, त्याचं तलावाकाठचं देवस्थान आणि त्याला मानणारे आदिवासी, यांतून आलेलं ते नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. म्हणून आपल्या जंगलाच्या गेटजवळच्या माहिती केंद्राला नाव द्यायचं असेल तर सुरुवात गावातून करा, मंत्रालयातून नको.

सगळ्यात आधी इमारत कोणाची आहे ते शोधा. ती वन विभागाची असेल, वनविकास महामंडळाची असेल, नाहीतर जिल्हा नियोजनच्या निधीतून बांधलेली ग्रामपंचायतीचीही असेल. सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे वनहक्क कायद्याखाली गावाला मिळालेल्या जमिनीवर असेल तर ग्रामसभेशिवाय पान हलायला नको. ग्रामसेवक किंवा वनपालाला विचारून उलगडा झाला नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवायचा असतो. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, 30 दिवसांत उत्तर यायला हवं. गावाचं नाव बदलायला केंद्रीय गृह मंत्रालयाची ना-हरकत लागते, अभयारण्याचं नाव शासनाच्या अधिसूचनेत असतं. हे ऐकून लोक आधीच हातपाय गाळतात. केंद्र ही नुसती इमारत आहे, तिच्यासाठी एवढा लांबचा पल्ला नसतो.

आता माणसाचं काम कागदावर आणा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण "जंगलासाठी फार केलं" एवढ्या वाक्यावर कोणतीच फाईल पुढे सरकत नाही. काय केलं, कुठे केलं, कोणत्या साली केलं, ते लिहा. विदर्भात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि तीच आग डोंगर चढते. एखाद्या बाईने टोल्यावरच्या (वस्तीवरच्या) बायकांना पाला जाळण्याऐवजी झाडून घ्यायची सवय लावली असेल, तर ते मोठं काम आहे. गोंदियाकडे सारस पक्षी धानाच्या बांधीत (भातखाचरात) घरटं करतो. घरट्याभोवतीचं धान तसंच उभं ठेवून पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबणारा शेतकरीही त्याच तोलाचा. अशी माणसं सत्काराच्या यादीत सापडत नाहीत. म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि वेगवेगळ्या टोल्यांवरच्या तीन-चार जणांची सही किंवा अंगठा असलेली निवेदनं घ्या.

हयात माणसाचं नाव देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचा सत्कार करा, त्यांच्याकडून शिकून घ्या. दिवंगत असतील तर घरच्यांची लेखी संमती हवीच, आणि ती विचारायला पुढाऱ्याला घेऊन जाऊ नका. त्यांना नको म्हणायचं असेल तर मोकळेपणी म्हणता आलं पाहिजे.

दुसऱ्या कोणाचं नाव पुढे येत असेल तर तेही आत्ताच ऐकून घ्या. 26 जानेवारी 2021 रोजी नागपूरच्या गोरेवाडा प्राणी उद्यानाचं बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने उद्घाटन झालं, तेव्हा आदिवासी संघटनांनी गोंडवाना नावाची मागणी लावून धरली होती. पाटी लागल्यावर भांडण्यापेक्षा आधी चार बैठका जास्त झालेल्या परवडतात.

मग ग्रामसभा. नोटीस किमान सात दिवस आधी निघायला हवी आणि विषयपत्रिकेत हा विषय स्वतंत्र हवा. "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय" यात तो ढकलू देऊ नका, पुढे कोणीही त्यावर बोट ठेवतो. सर्वसाधारण गावात एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा लागू असलेल्या गावांचे नियम वेगळे आहेत, ते ग्रामसेवकाकडून समजून घ्या. आधीच्या महिला सभेतही विषय मांडा. ठराव साधा असावा:

"मौजे ____ येथील निसर्ग माहिती केंद्रास गावातील दिवंगत ____ यांचे नाव देण्यात यावे. त्यांनी ____ या परिसरात ____ हे काम केले. कुटुंबाची संमती सोबत जोडली आहे. सूचक ____, अनुमोदक ____. ठराव सर्वानुमते मंजूर."

प्रोसिडिंग बुकातली शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात हातात घ्या. गेटवर दोन-तीन गावांची पोरं गाईड असतील तर त्या गावांचे आणि तिथल्या परिसर विकास समित्यांचेही (वन विभागासोबत काम करणाऱ्या गावसमित्यांचे) ठराव जोडा.

इमारत वन विभागाची असेल तर प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्या आणि प्रत उपवनसंरक्षकाला पाठवा, व्याघ्र प्रकल्पात असाल तर उपसंचालकाला. पोच घेताना आवक क्रमांक टाकून घ्या, तो नसेल तर पुढचा पाठपुरावा हवेत जातो. व्याघ्र प्रकल्पांसाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक सल्लागार समिती असते, तिच्या बैठकीत विषय घ्यायची विनंती करता येते. पालकमंत्र्यांचं पत्र मिळालं तर जोडा, पण फाईलमध्ये सगळ्यात वर ग्रामसभेचा ठराव राहू द्या. आचारसंहिता लागली की उद्घाटन अडकतं, म्हणून निवडणुकांचा अंदाज घेऊन तारीख धरा.

पाटीवर गावाचं नाव पुसू नका. आधी व्यक्तीचं नाव, मग "निसर्ग माहिती केंद्र", मग गाव. ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा ही गेटची नावं सफारीच्या बुकिंगमध्ये आहेत, त्यांना हात लावला तर पर्यटकांचा गोंधळ उडेल. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी ओळ पाटीवर असायलाच हवी. जन्म-मृत्यूच्या तारखा दाखल्यावरून तपासा, आठवणीवरून नको.

आत किमान एक भिंत त्या माणसाच्या कामासाठी मागा. त्याशिवाय पाटीला अर्थ नाही. घरच्यांनी टॉर्च, कुऱ्हाड किंवा वही दिली तर लेखी पावती द्या आणि वस्तू कुटुंबाचीच राहील, असं त्यात नमूद करा.

ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, पावसाळ्यात बंद असतो आणि 1 ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो. भिंत रंगवणं, फलक बसवणं ही कामं त्याआधी उरका. वन्यजीव सप्ताह लगेचच असतो, कार्यक्रम तेव्हा ठेवा आणि फीत घरच्यांच्या हातून कापा. त्याआधी गाईड आणि जिप्सीचालकांना एका दुपारी केंद्रात बसवून त्या माणसाच्या मुलाकडून, सुनेकडून किंवा जोडीदाराकडून सगळं ऐकवा. पर्यटकांना ही गोष्ट तेच सांगणार आहेत.