स्टीलचे दागिने काळवंडलेत? आधी साबण वापरून बघा
स्टेनलेस स्टीलची चेन किंवा कडं निस्तेज दिसू लागलं, तर तो बहुतेक वेळा गंज नसतो. घाम, क्रीम आणि साबणाचा थर असतो. कोमट पाण्यात सौम्य लिक्विड सोपचे दोन थेंब टाकून दागिना पाच-दहा मिनिटं बुडवा, चेनच्या कड्यांमधल्या फटींतून मऊ टूथब्रश फिरवा, धुऊन लगेच कोरडा करा. पाणी तसंच वाळलं तर डाग पडतात.

टूथपेस्ट नको, बारीक ओरखडे उठतात. ब्लीच तर अजिबात नको: त्यातलं क्लोरीन स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर पोखरतं. स्विमिंग पूलच्या पाण्यातही क्लोरीन असतं, पोहताना दागिने काढायचे ते त्यासाठीच. सोनेरी मुलामा असेल तर ब्रशही टाळा, नुसतं मऊ कापड पुरे.