मैत्रिणीच्या घरी पार्टी मागायच्या आधी काय काय तयारी करायची

हे बेळगावात कंपनीचा माल घरोघरी विकणाऱ्या बायकांसाठी. पार्टी म्हणजे मैत्रिणीच्या घरी बायका जमवून वस्तू दाखवायच्या आणि ऑर्डर घ्यायची, जिचं घर ती होस्ट. सगळ्यात आधी कंपनीचा होस्टसाठीचा कागद काढून बसा. तुमच्या कमिशनचा नाही, तिच्या गिफ्टचा. किती सेल झाल्यावर तिला काय मिळतं, ऑर्डरच आली नाही तर काय, कुणी ऑर्डर लिहून नंतर मागे घेतली तर तिची टोटल कमी होते का, हे तोंडपाठ पाहिजे, कारण मैत्रीण भिडेखातर विचारणार नाही पण तिची सासू स्वयंपाकघरातून नक्की विचारणार, आणि तिथं तुम्ही "बघून सांगते" म्हटलात की झालं.

मग वही घ्या आणि नावं लिहा. व्हॉट्सअॅप ग्रुपमधल्या सगळ्यांची नको. उलट जी नाही म्हणू शकत नाही तिचं नाव पहिलं खोडा. तुमच्याकडून उसने पैसे घेतलेली, तुमच्या भिशीतली जिचा नंबर अजून लागायचा आहे ती, तुमच्या हाताखाली काम करणारी, नणंदेची नवीन सून. ह्या सगळ्या "हो हो, ठेवूया की" म्हणणार आणि मनातून वैतागणार. जिच्या घरी तसंही दुपारी चारजणी टेकतात, जी वस्तू आधीच वापरते आणि न विचारता दुसरीला सांगते, तिच्यापासून सुरुवात करा. घरात कुणाचं आजारपण, दहावी-बारावीची परीक्षा, सुतक असेल तर विषयच काढू नका.

विचारताना फोन करा, नाहीतर समोर बसून बोला. सगळ्यांना एकच फॉरवर्ड टाकला तर निळी टिक येते आणि वर एक नमस्काराची इमोजी, बास. बोलायचं ते आधी मनात जुळवून ठेवा, म्हणजे असं काहीतरी: "अगं, मी डब्यांचं काम चालू केलंय. तुझ्या घरी गुरुवारी नाहीतर शनिवारी दुपारी साडेतीन ते पाच, सात-आठ जणी बोलवून डेमो ठेवूया का? चहा-चिरमुरे माझ्याकडून, सतरंजी तेवढी तुझी. जमत नसेल तर तसं सांग, आपलं गणपत गल्लीला बाजाराला जायचं काय चुकत नाही." ह्यात दिवस आला, वेळ आली, माणसं किती ते आलं, तिला काय करावं लागणार ते आलं, आणि सुटायला वाटही आली. "ह्यांना विचारून सांगते" असं उत्तर आलं तर आठवड्याने एकदाच विचारायचं. पुन्हा तेच ऐकू आलं तर ते नाहीच आहे, वहीत तसं लिहा आणि पुढच्या नावाकडे वळा. भेटल्यावर परत काढू नका.

आणि "चहाला या" म्हणून बायका गोळा करून मध्येच कॅटलॉग काढायचा नाही हं. होस्टला आधीच सांगून ठेवा की बोलावताना "विक्री आहे, घ्यायलाच पाहिजे असं नाही" हे स्पष्ट बोल. ही नुसती शोभा नाही, २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग (म्हणजे दुकानाशिवाय थेट विक्री) नियमांत आहे की ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. त्यातच हेही आहे की "अजून गिऱ्हाईकं आणलीस की तुझे पैसे सुटतील" असं सांगून माल गळ्यात मारायचा नाही. जॉइनिंगसाठी एन्ट्री फी मागणारी कंपनी असेल तर तुम्हीच आधी बाहेर पडा, मैत्रिणीचं घर लांब राहिलं. पहिल्या पार्टीत डाउनलाइनचा, म्हणजे आपल्या हाताखाली नवीन विकणाऱ्या जोडायचा विषय नकोच, तुम्हाला जोडणाऱ्या अपलाइन मॅडम कितीही मागे लागू देत.

दिवस ठरवताना आपल्या गावाचं कॅलेंडर बघायचं, कंपनीचं टार्गेट नाही. नळाला पाणी कधी येतं ते विचारा. ज्या गल्लीत पाणी रोज येत नाही तिथं पाण्याच्या दिवशी बाई मोकळी नसते, हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. जुलैचा पाऊस टाळा. १ नोव्हेंबर तर सोडूनच द्या, एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे सीमाप्रश्नावरून मराठी लोकांच्या काळ्या दिनाची फेरी, रस्ते अडकलेले. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस, बायका आयत्या जमतात म्हणून मोह होतो, पण तिथं वाण लुटायला आलेल्या बाईपुढं ऑर्डर बुक धरणं मला तरी पटत नाही. हवं तर त्या दिवशी नुसती तारीख सांगा आणि पार्टी पुढच्या आठवड्यात ठेवा. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० बायकांच्या खात्यात जमा झाले का ते बघून तारीख धरणाऱ्याही आहेत, बायकांना ते लगेच कळतं आणि मग तोंडावर काही बोलत नाहीत, पण यायच्या बंद होतात.

येण्याजाण्याचंही बघा. खानापूर, कंग्राळी, निपाणीकडच्या बायकांना २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकच्या सरकारी साध्या बसला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आधार तेवढं जवळ ठेवायला सांगा आणि शेवटच्या बसच्या आत मोकळं करा. चंदगड-गडहिंग्लजची मैत्रीण होस्ट असेल तर गोष्ट वेगळी, तिकडं राज्य बदलतं, महाराष्ट्र लागतो. माल कंपनीच्या बिलावर थेट गिऱ्हाईकाला जात असेल तर ठीक, पण तुम्ही स्वतः विकत घेऊन पलीकडे विकणार असाल तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. ते होईपर्यंत अलीकडेच करा.

शहापूर-वडगावला होस्टच्या शेजारणी अर्ध्या कन्नड बोलणाऱ्या असतात, त्यांना कोपऱ्यात बसवून मराठीत तासभर बोलणं बरं दिसत नाही. किमती तरी कन्नडमध्ये सांगता आल्या पाहिजेत. "अक्का, इदु ऐनूर रुपाय" (ताई, हे पाचशे रुपये) एवढं जमलं तरी त्या पुढं सरकून बसतात, बाकीचं होस्ट सांभाळते. वस्तूंवर आकड्यांच्या चिठ्ठ्या लावून न्या, आकडे सगळ्यांना कळतात.

पिशवीत काय? ओळखपत्र, ऑर्डर बुक, दोन पेनं, सुट्टे पैसे, क्यूआर कोड, माल परत करायची अट मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद, हात पुसायला फडकं. पूर्ण कॅटलॉगचा माल नेऊ नका, जे दाखवल्याशिवाय कळत नाही तेच न्या. टपरवेअरनं १९५१ मध्ये दुकानातून माल काढून फक्त घरच्या पार्ट्या धरल्या त्या ह्याचसाठी, झाकण कसं बसतं ते दुकानाच्या फळीवर कळतच नव्हतं, आणि ब्राउनी वाइज नावाच्या बाईनं ते घराघरात दाखवून खपवलं. तुम्ही हळदीचं पाणी भरून डबा उलटा करून दाखवा, पण होस्टच्या सतरंजीवर नको, आधी घरी करून बघा. पावडरी-गोळ्यांचं काम असेल तर "शुगर जाते, गुडघे बरे होतात" हे तोंडातून येऊ द्यायचं नाही, कायद्यानं तर नाहीच, आणि उद्या कुणी बीपीची गोळी बंद केली तर शिव्या होस्टला बसणार.

खायचं साधं ठेवा, गिरमिट नाहीतर भडंग आणि चहा. कुंद्यासारखी महागाची मिठाई नेलीत तर पुढच्या होस्टला वाटतं आपल्यालाही तेवढं करावं लागणार.

शेवटचं म्हणजे पार्टीनंतरचं, हे विचारायच्या वेळीच तिला सांगून टाका. पैसे गोळा करणं तिचं काम नाही. माल आला की खोकी तिच्या घरात टाकून जायची नाहीत, ज्याची त्याला तुम्ही पोचवायची. झाकण सैल निघालं तर फोन तुम्हाला, म्हणून प्रत्येक बिलावर तुमचा नंबर. आणि तिचं गिफ्ट बाकीच्या ऑर्डरच्या आधी तिच्या हातात, कंपनीकडून उशीर होणार असेल तर किती ते आधीच फोन करून.