उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी कोण खातं?

आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करून मी निफाडकडच्या एका गॅरेजला लागलो. इंजिन उघडायची भीती नव्हती, वायरिंगची मात्र होती. आमच्याकडे येणारे बहुतेक द्राक्षबागेतले मिनी ट्रॅक्टर, आणि थंडी पडली की तक्रार ठरलेली: सकाळी सेल्फ मारत नाही.

पहिल्याच डिसेंबरात एक आप्पा आले. बॅटरी नवी, चार महिन्यांपूर्वीच घेतलेली. त्याआधीचीही अशीच "खराब" निघाली होती. म्हणाले, "फवारणी चालू असली की काही नाही रे पोरा. तीन-चार दिवस उभा राहिला की नुसता कटकट करतो."

उत्तर याच वाक्यात होतं, पण मी कान न देता पाना शोधत बसलो. चार्जिंगच होत नसेल तर ट्रॅक्टर रोजच्या कामातही दगा देतो. फक्त उभा राहिल्यावर बसतो, म्हणजे बॅटरी आतून तरी उतरतेय, नाहीतर किल्ली बंद असताना कोणीतरी तिला पितंय. म्हणून आधी गिऱ्हाइकाला बोलू द्या. किती दिवस उभा होता, मध्ये कुठे वेल्डिंग केलं का, नवीन लाइट किंवा गाण्याचा टेप बसवला का, हे विचारा.

बॅटरी रात्रभर चार्जरला लावली, सकाळी काढून दोन-तीन तास तशीच ठेवली आणि मग मोजली. चार्जरवरून काढल्या काढल्या मीटर (मल्टीमीटर) फुगवून आकडा सांगतो. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12 च्या आसपास आली की ती जवळजवळ रिकामी धरायची. हायड्रोमीटरने, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजायच्या नळीने, सहाही खाने पाहिले, सगळीकडे 1.260 च्या जवळपास. एखादाच खाना बराच खाली असता तर दोष बॅटरीचाच म्हटला असता. ट्रॅक्टर चालू करून मोजलं तर 13.9. जरा कमी वाटलं, पण चालतंय म्हणून मी पुढे गेलो.

मग खरा शोध. किल्ली बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. निगेटिव्हच आधी, कारण प्लसचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगीचा सोहळा होतो. ती तार आणि निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये आधी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावा. लख्ख पेटला तर गळती मोठी आहे, मीटर मध्ये घालू नका. पेटलाच नाही किंवा नुसता लालसर झाला, तर मग मीटर 10 अँपियरच्या सॉकेटवर घेऊन लावा. साध्या वायरिंगच्या जुन्या ट्रॅक्टरला आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर डिजिटल मीटर किंवा घड्याळ असेल तर थोडे मिलीअँपियर दिसतील. 50 मिलीअँपियरच्या वर गेलं तर कारण शोधायचंच.

आप्पांच्या ट्रॅक्टरला आले 0.6 अँपियर. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण चोवीस तासांचे होतात 14 अँपियर-अवरच्या वर. बॅटरी 65 ची. तीन दिवसांत निम्म्याहून जास्त साफ, वर निफाडची थंडी.

मी एकेक फ्यूज काढत गेलो. आकडा हलेना. हेडलाइट, हॉर्न, मागचा दिवा, सगळं सोडवलं. जेवायची वेळ झाली तरी 0.6 तसाच. मिस्त्री चहा घेऊन आले, वाकले आणि डायनॅमोच्या मागच्या अंगाला तळहात लावला. "हात लाव इथं." सकाळपासून इंजिन बंद, बाकी सगळं लोखंड गार, आणि तेवढा भाग किंचित कोमट. (बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला आमच्याकडे अजून डायनॅमोच म्हणतात, तुम्हीही म्हणाल.) त्याच्यावरची जाड तार फ्यूज बॉक्समधून न जाता थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेली असते. मग फ्यूज काढून काय होणार? बॅटरी सोडवून ती तार काढली, टोकाला टेप गुंडाळला, परत मीटर लावला. शून्य. आतला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गेला होता आणि करंट उलटा झिरपत होता. 13.9 चं कोडंही तेव्हा उलगडलं, डायोड गेल्यामुळेच चार्जिंग कमी होत होतं.

डायोड गेला कसा? आप्पांनीच सांगितलं, अगदी सहज. भावाच्या ट्रॅक्टरला बॅटरी नव्हती, म्हणून आपला चालू करायचा, चालू इंजिनवरच बॅटरी काढायची आणि तिकडे लावायची. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि पहिला बळी डायोडचा जातो. डायोड प्लेट बदलली, बॅटरी तीच राहिली.

प्रत्येक वेळी इतकी शोधाशोध लागत नाही. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरचं इंजिन स्टॉपचा नॉब ओढून बंद होतं. इंजिन थांबलं की माणूस घरी जातो, किल्ली तशीच ऑन राहते. फवारणीसाठी लावलेला एलईडी किंवा गाण्याचा टेप थेट बॅटरीवरून घेतलेला असतो, त्याची वायर आधी बघा. आणि बॅटरीच्या डोक्यावरचा चिखल विसरू नका. मीटरची लाल वायर प्लसला ठेवून काळी नुसती प्लास्टिकवर फिरवा, तिथेच व्होल्ट दिसले तर ओल्या घाणीतून बॅटरी स्वतःशीच उतरतेय. बुचं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची आणि कोरडी करायची.

मीटर मध्ये असताना सेल्फ किंवा हीटर लागला तर मीटरचा फ्यूज गेलाच. माझे दोन गेले, एकदा तर गिऱ्हाइकाच्या पोराने "बघू चालू होतो का" म्हणून किल्ली फिरवली. तेव्हापासून काम सुरू करताना किल्ली माझ्या खिशात असते. परवा ती खिशातच घरी आली आणि रात्री नऊ वाजता मिस्त्रींचा फोन.